पेवावरची गोजराई

कुणाच्या पणज्यालाही धड आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. सीना नदीच्या काठावर बोरखडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावाचं धान्य गावाच्या पोटात होतं. नदीकडची रानं काळी, पण गाव वसलं होतं पांढरीवर, आणि त्या पांढऱ्या चिवट मातीत बोरखडीच्या लोकांनी पेवं खणली होती.

पेव म्हणजे जमिनीतला रांजणच म्हणा. पोट फुगलेलं, खोल, आणि तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि शेणामातीनं लिंपून टाकायचं. नीट भरलेल्या पेवातली ज्वारी बापानं ठेवावी आणि लेकानं खावी.

या पेवांची राखण गोजरा नावाची बाई करायची. आधी हे काम तिचा नवरा भिवा करायचा. बंद पेवात एक मुकी हवा साठते. तिला वास नसतो, रंग नसतो, पण तिच्यात उतरलेला माणूस वर येत नाही. भिवाला हे ठाऊक होतं. तरी एका लग्नाच्या घाईत, लोक पाट्या घेऊन उभे होते म्हणून, त्यानं फरशी सरकवली आणि लगेच आत पाय सोडले. गोजरा वर दोर धरून उभी होती. दोराला हिसका बसला नाही, खालून हाक आली नाही. तिनं वाकून पाहिलं तर भिवा ज्वारीवर झोपल्यासारखा आडवा. ती उतरायला निघाली तेव्हा लोकांनी तिला धरून ठेवलं, म्हणून ती उरली.

तिचं कुंकू गेलं आणि पेवांचं काम तिच्याकडं आलं. पेव उघडलं की ती आधी सुतळीला पणती बांधून आत सोडायची. पणती विझली तर बाजूला बसून राहायची. पाटील येवो नाहीतर पाव्हणा येवो, उठायची नाही. "पणती जगली तर माणूस जगंल," एवढंच म्हणायची.

ज्वारी दाताखाली कट्ट वाजल्याशिवाय ती पेवात जाऊ द्यायची नाही. ओलसर दाणा म्हणजे सोंड्यांना आवतण, आणि सोंडा हा किडा असा, की एकदा दाणा पोखरून आत शिरला की मागं नुसतं टरफल ठेवतो. थराथरात ती वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायची, गोवऱ्यांची चाळलेली राख घालायची. लिंपलेल्या पेवावर कान टेकून ती निजायची आणि आतल्या कोणत्या अंगाला कीड लागली आहे ते सांगायची, असं म्हणतात. तिनं बोट दाखवावं आणि तिथंच सोंडे निघावेत, असंही म्हणतात.

मग उंदरांचं साल आलं.

ज्वारी हुरड्यात होती आणि रानाच्या भेगाभेगांतून उंदीर वर आले. दिवसाढवळ्या आले. ताटं मुळाशी कुरतडून आडवी पाडली, कणसं बिळांत ओढून नेली. रान संपल्यावर ते गावात शिरले. पाळण्यातल्या पोरांचे कान चावले, बैलांचे खूर कुरतडले. रात्री नदीच्या अंगानं बघितलं तर जमीनच चालत आल्यासारखी दिसायची, असं म्हणतात.

गोजरानं लोकांना बिळं खणायला लावलं, बाभळीचे काटे ठोसून ती बुजवायला लावलं. "धामण दिसली तर मारू नका," असं ती घरोघर सांगत फिरली, कारण एक धामण जेवढे उंदीर खाते तेवढे मारायला दहा माणसं पुरत नाहीत. पण साप म्हटला की लोकांचा हात काठीकडं जातोच, आणि बोरखडीच्या धामणी कधीच मारून झाल्या होत्या. उंदरांनी पांढरीत बोगदे पाडले. बोगद्यांतून पेवांत ओल शिरली, आणि ओलीमागोमाग सोंडे. गोजरा एकेक पेव उघडत गेली. आतून ऊन, कुबट वाफ वर यायची. वरचा दाणा हातात घेतला की त्याचं पीठ व्हायचं.

रायाजी पाटील भला माणूस होता. गाव उपाशी मरायच्या भीतीनं त्याची झोप उडाली होती. तो लांबच्या बाजाराला गेला आणि कापडात बांधलेला सोमल घेऊन आला. सोमल म्हणजे पांढरं जहर. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस वाचत नाही.

"गोजरे, हे समद्या पेवांत कालव," पाटील म्हणाला.

"खायच्या दाण्यात न्हाई घालायची म्या," गोजरा म्हणाली. "उंदीर मरंल तसं माणूसबी मरंल."

पाटील म्हणाला, "बियाण्याच्या पेवात तरी घाल. बी काय कुणी खात न्हाई. आणि बी गेलं तर गाव गेलं."

सगळ्या गावाचं बियाणं एका पेवात होतं आणि त्याच्या भिंतीला उंदरांनी दोनदा भोक पाडलं होतं. तिनं लिंपलं, त्यांनी पुन्हा पाडलं.

"घालते," ती शेवटी म्हणाली. "पर म्या एकटीच कालवीन. आणि त्याला काव लावीन. तांबडा दाणा दिसला की पोरालाबी कळलं पायजे, ह्यो खायचा न्हाई."

गावाबाहेर, वाऱ्याला पाठ करून, नाकातोंडावर पदर आवळून तिनं ते काम केलं. पोरांना, गुरांना जवळ येऊ दिलं नाही. काव पाण्यात कालवली, सोमल त्यात घातला, आणि सगळं बियाणं कुंकवासारखं लालभडक होईपर्यंत वरखाली केलं. मग वाळवून पेवात भरलं. ज्या पाट्यांत कालवलं त्या पाट्या, अंगावरचं लुगडं, हात धुतलेलं पाणी, सगळं तिनं खड्डा खणून पुरलं. तरी पुढं तिच्या तळहातांची सालं निघाली आणि नखांवर पांढरे पट्टे उठले. ती हात बघायची आणि मनाशी म्हणायची, वरच्या कातड्याला एवढं, तर आत गेल्यावर केवढं.

उंदीर मेले. बिळांच्या तोंडाशी ढीग पडले. ते उंदीर उचलून नेलेल्या घारीही झाडांखाली पडलेल्या दिसल्या. गोजरानं उंदीरही पुरले आणि घारीही पुरल्या. रायाजी पाटलानं चावडीवर उभं राहून सांगितलं, बियाण्याच्या पेवात जहर आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. काहींनी ऐकलं. काही त्या वेळी रानात होते.

आणि त्या वर्षी पाऊस आला नाही. हस्त कोरडा गेला. पेरणीच झाली नाही, म्हणून बियाणं पेवात तसंच राहिलं. पाटील गावाची गुरं घेऊन चाऱ्यासाठी गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला. तिकडं त्याला पटकी झाली आणि तो मेला. गुरं परत आली नाहीत, निरोप तेवढा आला.

खायची पेवं एकेक करून रिकामी झाली. लोक तरवडाच्या बिया उकडून खाऊ लागले. चिंचोके खाल्ले, नदीच्या कोरड्या पात्रातली लव्हाळ्याची गड्डी उकरून खाल्ली. आधी कोंबड्या संपल्या. मग कुत्री दिसेनाशी झाली आणि त्यांचं काय झालं हे कुणी कुणाला विचारलं नाही. पाखरं उडता उडता खाली पडायची. म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसायची आणि संध्याकाळी उठायची नाहीत. सरणाला माणसं जमेनात.

तेव्हा लोकांना बियाण्याच्या पेवाची आठवण झाली.

पहिल्यांदा सटवाजी आला. सटवाजी गावातला सगळ्यात ताकदीचा नांगऱ्या. आता त्याच्या खांद्यांची हाडं सदऱ्यातून वर आली होती. त्याला दोन लेकरं. थोरली हिरी आणि धाकटा, अजून नाव धड न रुळलेला पोरगा. गोजरा लिंबाखालच्या त्या पेवाच्या फरशीवर बसली होती. ती आताशा तिथून हलतच नव्हती.

"गोजरे, पाटीभर दे. धुऊन घेतो," सटवाजी म्हणाला. "काव धुऊन जाती."

"काव जाती. सोमल जात न्हाई."

"तू धुऊन बघितलंस?"

गोजरानं धुऊन पाहिलं नव्हतं. तिनं तळहात पुढं केले. "हे बघ. नुसतं कालवलं तर असं झालं."

सटवाजीनं तिच्या हातांकडं पाहिलं, मग आपले हात तिच्यासमोर धरले. त्यांचीही सालं निघाली होती. "समद्यांचेच हात असे झाल्यात. भुकंनं," तो म्हणाला आणि गेला.

पण गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, जहर-बिहर काही नाही, पाटलानं बियाणं राखायला उठवलेली हूल होती ती. कुणी म्हणालं, ही बया एकटीच आतलं खात असेल, नाहीतर तिचं तोंड एवढं भरलेलं कसं? गोजराच्या तोंडावर आणि पायांवर भुकेची सूज आली होती. लोकांना ते बाळसं वाटलं.

हे गोजराच्या कानावर आलं. ती फरशीवर बसून विचार करायची. पेवात पाणी ओतलं तर दाणा नासून जाईल, मग कुणी खाणार नाही आणि कुणी मरणार नाही. पण मग पाऊस आला तर पेरायचं काय? नदीपलीकडं, डोंगराअलीकडं, कुठंही दाणा उरला नव्हता. जगलेल्या माणसांना पुढच्या साली मरायला लावायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि जहर तर तिनंच कालवलेलं. पाटलानं सांगितलं हे खरं, पण हात तिचे.

एका सकाळी गाव पहारी घेऊन आलं. म्हणजे चालता येत होतं तेवढं गाव. पुढं सटवाजी होता आणि त्याच्या मागं त्याची बायको भागी. तिच्या कडेवर धाकटा होता आणि तिच्या लुगड्याला धरून हिरी उभी होती.

"उठ, गोजरे," सटवाजी म्हणाला. "तुला हात लावायला लावू नगंस."

गोजरानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. सांगून झालं होतं, हात दाखवून झाले होते. ती म्हणाली, "गावात कोंबडं न्हाई, कुत्रं न्हाई. कुणाला घालून बघणार? तुमच्या लेकरांना?"

भागीनं कडेवरच्या धाकट्याला घट्ट धरलं.

"म्या खाते," ती म्हणाली. "तुमी म्हणाल तसं धुवा. म्या भाकर करते आन् तुमच्यापुढं खाते. उद्या दिवस ह्या लिंबावर येईस्तवर म्या बसलेली असले, तर पेव तुमचं. न्हाई बसलेली, तर पाऊस येईस्तवर ह्या फरशीला कुणी शिवायचं न्हाई. बोला."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. सटवाजीनं पहार खाली ठेवली.

फरशी सरकवली. त्याही दिवशी गोजरानं आधी पणती सोडली. पणती जगली, मग ती उतरली आणि ओंजळभर दाणे घेऊन वर आली. आता गावात पाणी सोन्यासारखं, पण भागीनं घागर आणली. गोजरानं दाणे सात पाण्यांनी धुतले. पहिलं पाणी रक्तासारखं आलं, दुसरं गुलाबी, पुढं पुढं नितळ. दाणा मोत्यासारखा पांढरा निघाला.

"बघ, गेलं की," कुणीतरी मागून म्हणालं.

तिनं दाणे उन्हात सुकवले. आपल्या जात्यावर तिनंच दळलं, कुणाला खुंट्याला हात लावू दिला नाही. तीन दगड मांडून तवा ठेवला आणि भाकर थापली. भाकर फुगली आणि तिचा वास सुटला. कितीतरी दिवसांनी गावात भाकरीचा वास आला होता. पहारी घेऊन आलेली माणसं होती तिथंच खाली बसली. घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या, असं म्हणतात.

हिरी रांगत पुढं आली आणि काठवटीला लागलेलं पीठ तिनं बोटानं टिपलं. बोट तोंडाकडं जायच्या आत गोजरानं मनगट पकडलं. ओल्या फडक्यानं तिनं पोरीचं बोट पुसलं, पुन्हा पुसलं, वरून पाणी ओतलं. पोरगी रडायला लागली.

"भागे, धर हिला," गोजरा म्हणाली. "हिच्या पोटात चिमूट गेली तर म्या कशाला खाते?"

भागीनं पोरीला ओढून घेतलं. आणि गोजरा भाकर खायला लागली.

खरं सांगायचं तर पहिला घास तिला गोड लागला. तीही सगळ्यांसारखीच उपाशी होती. तोंडात पाणी सुटलं, डोळे मिटले, आणि एवढी माणसं बघत असताना आपल्याला चव लागावी याची तिला लाज वाटली. तिनं सगळी भाकर खाल्ली. कुणाच्या हाती लागू नये म्हणून चुऱ्याचा कणही ठेवला नाही. हात मातीत पुसले आणि ती फरशीला टेकून बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही.

लोक बसून होते. दिवस कलायला लागला. सटवाजी उठला, पहारीकडं गेला. "काय बी झालं न्हाई," तो म्हणाला. गोजराच्या मनात आलं, खरंच सोमल धुऊन गेला असेल तर? मग माझ्यापायी किती माणसं या पेवाशेजारी उपाशी मेली? जहराची तिला भीती वाटली नव्हती एवढी या विचाराची वाटली.

मग तिच्या पोटात पहिली कळ आली. ती वाकली, आणि वाकता वाकता तिच्या तोंडावर समाधान दिसलं, असं म्हणतात.

पुढचं फार सांगत नाही. ओकारी झाली, पेटके आले, तहान लागली. पाणी घातलं की उलटून पडायचं. भागी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मधेच शुद्ध आली तेव्हा गोजरा म्हणाली, "तवा, जातं, काठवट, समदं माझ्यासंगं पुरा. इहिरीत धुऊ नका." आणि नंतर म्हणाली, "झाका पेव."

सटवाजीनं एकट्यानं फरशी सरकवली. बाकी कुणी हात लावला नाही. त्यानं शेण नसल्यानं नुसत्या मातीनं तोंड लिंपलं, आणि लिंपताना तो तिच्याकडं बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन लिंबावर यायच्या आत ती गेली.

तिला पेवाशेजारीच पुरलं. तिच्या मातीवरून मुंगीसुद्धा गेली नाही आणि त्या लिंबाला पाऊस नसताना पालवी फुटली, असं म्हणतात. पण लिंबाच्या पालवीनं पोट भरत नाही. गोजरा मेली म्हणून भूक थांबली नाही. त्या दिवशी पहारी घेऊन आलेल्यांतले कितीतरी पावसाआधी गेले. सटवाजीचा धाकटाही गेला. तो गेला तेव्हा सटवाजी पेवाच्या फरशीवर बसलेला होता, गोजराच्या जागेवर, मांडीवर पहार आडवी घेऊन. भागी तिथं आली, पोराला त्याच्यापुढं ठेवलं आणि उभी राहिली. सटवाजीनं पोराला घेतलं, पुरून आला आणि पुन्हा फरशीवर बसला. पाऊस येईपर्यंत त्यानं कुणाला त्या पेवाला शिवू दिलं नाही.

मग पाऊस आला.

उरलेल्यांनी पेव उघडलं. आधी पणती सोडली. तांबडं बियाणं वर काढलं, नाकातोंडाला कापड बांधलं, हातांना फडकी गुंडाळली आणि बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरली. बैल नव्हते. पाभरी माणसांनी ओढल्या. तासात पडलेल्या दाण्याला ना मुंगी लागली, ना उंदीर. एकूणएक दाणा उगवला, असं म्हणतात. त्या सालची कणसं निसवली ती तांबूस झाक घेऊनच, आणि रान बघून बायका रडल्या, असंही म्हणतात.

बोरखडीत आता पेवं नाहीत. बुजवली, वर घरं झाली. दुकानातून बाटल्यांतली औषधं येतात. पण बियाण्याला काही लावायचं झालं तर ते आजही घराबाहेर, वाऱ्याला पाठ करून लावतात, आणि त्यात काव कालवल्याशिवाय कुणी घमेलं उचलत नाही. दुकानदार म्हणतो, अहो, याला कंपनीचाच रंग आहे. लोक हो म्हणतात आणि वरून काव लावतात. ते घमेलं पुन्हा चुलीकडं येत नाही. बाटली रिकामी झाली की फोडून लांब पुरतात. गावात धामण मारत नाहीत.

आणि नवी ज्वारी घरात आली की पहिली भाकर गोजराईची. एरवी सगळ्या घरांत आधी लेकरांना वाढतात. त्या दिवशी तसं नाही. ताट घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं ठेवतात. पोरं भुकेली असतात, भाकरीचा वास सुटलेला असतो, ती हात पुढं करतात आणि आई त्यांचं मनगट धरते. म्हातारं माणूस एक घास मोडतं, सावकाश खातं. सगळं घर त्याच्या तोंडाकडं बघत बसतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग ते म्हातारं म्हणतं, "बसलोय म्या. द्या लेकरांना."

तेव्हा आई पोरांचे हात सोडते.